टीकेइंटरमध्ये विंडो बनवताय? या चुका टाळा

पायथॉन जरा जमायला लागलं की पोरं लगेच टीकेइंटर (पायथॉनची विंडो बनवायची लायब्ररी) उघडतात, आणि दोन दिवसांनी मेसेज येतो, "सर, विंडो हँग होतेय". एरर काय आला विचारलं तर म्हणे बघितला नाही. अरे बाबा, खालची शेवटची ओळ तरी वाच की!

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे प्लेस (वस्तू ठरलेल्या जागी ठेवायची पद्धत) वापरून पिक्सेल मोजत मांडणी करणं. ओळखीतल्या एका पोराने एका पतसंस्थेला पावतीचा फॉर्म करून दिला, विंडोची उंची 850 पिक्सेल, वर रिसाइझेबल फॉल्स (म्हणजे विंडोचा आकार बदलता येत नाही), त्याच्या मोठ्या मॉनिटरवर एकदम झकास. तिथला लॅपटॉप 1366 बाय 768 चा. "जतन करा" बटण गेलं स्क्रीनच्या खाली. तिथल्या बाई शेवटचा रकाना भरून झाला की एकदा टॅब आणि मग स्पेसबार मारायच्या, बटण न बघताच (एंटरने होत नाही, टीकेइंटरच्या बटणाला स्पेसच लागतो), आणि पावती सेव्ह व्हायची. कोणाला वाटलंच नाही की काही बिघडलंय, प्रोग्राम असाच असतो म्हणे.

मी बटणांची पट्टी वेगळ्या फ्रेममध्ये (विंडोतला चौकोनी कप्पा) ठेवतो आणि ती सगळ्यात आधी पॅक करतो (पॅक म्हणजे एकामागून एक कडेला लावत जायची पद्धत), साइड बॉटम देऊन. जागा कमी पडली की पॅक शेवटी आलेल्याला कापतो, त्यामुळे बटणं वाचतात. फॉर्म दुसऱ्या फ्रेममध्ये, त्याच्या आत ग्रिड, म्हणजे ओळी-रकान्यांची मांडणी. स्टिकी (कप्प्याच्या कडांना चिकटवणं) दिलं पण कॉलमकॉन्फिगरमध्ये वेट 1 (जादा जागेत त्या कॉलमचा वाटा) दिलाच नाही तर विंडो मोठी केली तरी काही ताणलं जाणार नाही, हे निम्मे लोक विसरतात. कोण कुठे पसरलंय कळत नसेल तर प्रत्येक फ्रेमला भडक वेगळा रंग द्या, लगेच दिसतं. आणि बटणाला विड्थ 10 वगैरे देऊ नका, ते माप शून्य या अंकाच्या रुंदीवर चालतं, मराठी लेबलं कापली जातात. एकाच फ्रेममध्ये पॅक आणि ग्रिड मिसळलं तर एररच येतो, तो तरी वाचा.

आता हँग. बटणाच्या फंक्शनमध्ये स्लीप किंवा मोठी फाइल वाचायचं काम टाकलं की मेनलूप (क्लिक बघत राहणारा टीकेइंटरचा लूप) अडकतो, विंडो "नॉट रिस्पॉन्डिंग". मग कुठूनतरी शिकून लूपमध्ये अपडेट (साठलेले क्लिक तिथेच हाताळायला लावणारी कमांड) टाकतात. हा शॉर्टकट मला अजिबात आवडत नाही, कारण तेवढ्यात माणूस परत क्लिक करतो, तेच फंक्शन मधेच पुन्हा सुरू होतं आणि एकच नोंद दोनदा पडते. थोडं थांबायचं असेल तर आफ्टर (ठरावीक वेळाने फंक्शन चालवणारं). जड काम असेल तर थ्रेड (बाजूला वेगळं चालणारं काम), पण थ्रेडमधून लेबलला हात लावायचा नाही, उत्तर क्यूमध्ये (रांगेत) टाकायचं आणि आफ्टरने दर 100 मिलिसेकंदाला क्यू बघायची.

बाकीच्या किरकोळ. बटणाच्या कमांडमध्ये फंक्शनपुढे कंस लावला तर ते विंडो उघडतानाच चालतं. एंट्री (लिहायचा रकाना) बनवून त्याच ओळीत ग्रिड केलं तर हातात नन (None, म्हणजे काहीच नाही) येतो, मग मजकूर घ्यायला गेट कशावर करणार? चित्र दिसत नसेल तर फोटोइमेज (चित्राचा ऑब्जेक्ट) टिकणाऱ्या व्हेरिएबलमध्ये धरून ठेवा. दुसरी विंडो टॉपलेव्हलने, परत टीके (मुख्य विंडो) नको.

आणि "बटण दाबलं तरी काहीच होत नाही" हे पायडब्ल्यू (.pyw) फाइलवाल्यांचं रडगाणं. एरर आलेला असतो, दाखवायला कन्सोल नसतो. रूटच्या (मुख्य विंडोच्या) रिपोर्ट-कॉलबॅक-एक्सेप्शनला आपलं फंक्शन लावून एरर फाइलमध्ये लिहून ठेवा, आणि मग ती फाइल मला पाठवा.