डेस्कटॉपला वायफाय अ‍ॅडॉप्टर कसा बसवावा: निवड, जोडणी, ड्रायव्हर आणि अँटेनाची जागा

पहिला प्रश्न अ‍ॅडॉप्टरचा नाही, केबलचा आहे. राउटर आणि संगणक एकाच खोलीत असतील तर कॅट ६ ची लॅन केबल ओढा आणि विषय संपवा. केबलपेक्षा भरवशाचे वायफाय नाही. पण राउटर हॉलमध्ये, संगणक आतल्या खोलीत, मध्ये दोन भिंती आणि घर भाड्याचे असल्याने भोक पाडायची परवानगी नाही, असे असेल तर वायफाय अ‍ॅडॉप्टर हाच मार्ग. तो नीट बसवला तर वर्षानुवर्षे त्याच्याकडे बघावे लागत नाही. तक्रारी येतात त्या बहुतेक दोनच गोष्टींमुळे: चुकीचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला अ‍ॅडॉप्टर चालवायला लागणारे सॉफ्टवेअर, आणि अँटेनाची चुकीची जागा. अँटेनाची जागा तर खोक्यावरच्या वेगाच्या आकड्यापेक्षा जास्त महत्त्वाची आहे.

कोणता घ्यावा

दोन प्रकार सर्रास मिळतात. यूएसबीला लावायचा, ज्याला दुकानात डोंगल म्हणतात, आणि मदरबोर्डवरच्या, म्हणजे संगणकातल्या मुख्य सर्किट बोर्डवरच्या, पीसीआयई नावाच्या खाचेत (स्लॉटमध्ये) बसणारे कार्ड. दुकानात नुसते "डोंगल द्या" म्हणू नका, कारण सिमकार्डाच्या मोडेमलाही तेच नाव आहे. "डेस्कटॉपसाठी वायफाय अ‍ॅडॉप्टर" असे स्पष्ट सांगा.

वायफाय २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर (बँडवर) चालते. खोक्यावरचा आकडा म्हणजे या दोन पट्ट्यांच्या वेगांची बेरीज, पूर्ण आकड्याला नेलेली. एसी१२०० म्हणजे २.४ गिगाहर्ट्झवर ३०० आणि ५ गिगाहर्ट्झवर ८६७ एमबीपीएस. अ‍ॅडॉप्टर एका वेळी सहसा एकाच पट्ट्यावर चालतो, त्यामुळे १२०० कधीच मिळत नाहीत. शिवाय ८६७ हा जोडणीचा वेग आहे. फाइल उतरवताना हाती साधारण निम्मा येतो. तुमचा इंटरनेट प्लॅन १०० एमबीपीएसचा असेल तर एसी६०० चाही पुरतो, कारण त्याचा ५ गिगाहर्ट्झवरचा जोडणीचा वेग ४३३ आहे. मात्र फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालणारा १५० चा नखाएवढा डोंगल स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. फ्लॅटच्या इमारतीत त्या पट्ट्यावर शेजारपाजारच्या सगळ्या राउटरांची गर्दी असते.

नखाएवढ्या डोंगलची दुसरी अडचण म्हणजे त्यातला अँटेनाही नखाएवढाच असतो आणि तो कॅबिनेटच्या पत्र्याला चिकटून बसतो. बाहेर अँटेना असलेला अ‍ॅडॉप्टर घ्या. कार्ड घेत असाल तर अँटेना लांब वायरवर आणि चुंबकाच्या बैठकीवर येतो तो प्रकार उत्तम.

कार्ड घेण्याआधी कॅबिनेटची बाजू उघडून आत पाहा. पीसीआयईचा सर्वात आखूड स्लॉट, म्हणजे एक्स१, रिकामा हवा. तो नसेल तर लांब स्लॉटमध्येही हे कार्ड चालते. ग्राफिक्स कार्ड जाड असेल तर त्याच्या खालचा स्लॉट झाकला जातो, हे आधीच बघितलेले बरे. कार्यालयांतून निघालेले सडपातळ डेस्कटॉप सध्या बरेच जण घेतात. त्यांना कार्डाची धातूची पट्टी अर्ध्या उंचीची लागते. ती खोक्यात आहे का, हे दुकानातच पाहून घ्या.

नव्या काही मदरबोर्डांवर वायफायसाठी छोटा एम.२ स्लॉट असतो. तिथे इंटेलचे एएक्स२१० हे कार्ड चालते, पण एएक्स२०१ आणि एएक्स२११ फक्त ठरावीक इंटेल चिपसेटवरच, म्हणजे मदरबोर्डवरच्या ठरावीक इंटेल नियंत्रक चिपांवरच, चालतात. एएमडीच्या मदरबोर्डावर ती दोन्ही चालणार नाहीत.

यूएसबी अ‍ॅडॉप्टर लावताना

निळ्या रंगाचा पोर्ट म्हणजे यूएसबी ३.०. तो वेगवान, म्हणून सगळे आधी त्यातच अ‍ॅडॉप्टर खोचतात. इथेच घोळ होतो. यूएसबी ३.० वरून डेटा धावताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट निर्माण होतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर शोधपत्र काढले होते. शेजारच्या निळ्या पोर्टात बाहेरची हार्डडिस्क लावून मोठी फाइल चढवायला घेतली की २.४ वरचे वायफाय रडू लागते आणि वायरलेस माउसही अडखळतो. रेंज पूर्ण दिसते, वेग मात्र कोसळतो, आणि दोष राउटरच्या माथी जातो.

उपाय सोपा आहे. एक मीटरची यूएसबी एक्स्टेंशन केबल घ्या आणि अ‍ॅडॉप्टर कॅबिनेटपासून दूर, टेबलाच्या वर, मोकळ्या जागी ठेवा. गोंगाटही टळतो आणि पत्र्याचा आडोसाही. केबल नसेल तर २.४ वर चालणारा अ‍ॅडॉप्टर काळ्या यूएसबी २.० पोर्टात लावा. यूएसबी २.० ची मर्यादा ४८० एमबीपीएसची असल्याने १०० किंवा २०० एमबीपीएसच्या प्लॅनला फरक पडत नाही. ५ गिगाहर्ट्झवर चालवणार असाल आणि प्लॅन त्याहून मोठा असेल तर निळा पोर्टच योग्य. तीन-चार मीटरची स्वस्त एक्स्टेंशन केबल टाळा. तारा बारीक असल्याने अ‍ॅडॉप्टरला वीज पुरेशी पोचत नाही आणि जोडणी मध्येच तुटते.

कार्ड बसवताना

लागणारे साहित्य म्हणजे एक स्टार स्क्रूड्रायव्हर. साधारण पंधरा-वीस मिनिटांचे काम आहे.

१. संगणक शटडाऊन करा आणि पॉवर केबल मागून काढा. मग चालू करायचे बटण पाच सेकंद दाबून धरा, म्हणजे आत साठलेली वीज उतरते.

२. कार्ड पिशवीतून काढण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत आणि सिंथेटिक कपड्यांत अंगावरची स्थिर वीज चिप खराब करू शकते. कार्ड कडेने धरा, सोनेरी पट्ट्यांना बोट लावू नका.

३. निवडलेल्या स्लॉटसमोरची मागची पत्र्याची पट्टी काढा. तिचा स्क्रू जपून ठेवा, तोच परत लागतो.

४. कार्ड सरळ धरून दोन्ही टोकांवर सारखा दाब द्या. ते पूर्ण बसले की सोनेरी पट्ट्या दिसेनाशा होतात. मग स्क्रू लावा. स्क्रू लावताना कार्डाचे एक टोक वर उचलले जात असेल तर ते नीट बसलेले नाही.

५. कार्डात ब्लूटूथ असेल तर त्याची छोटी केबल मदरबोर्डवरच्या नऊ पिनांच्या यूएसबी जोडणीला लावा. तिच्याजवळ बहुधा एफ_यूएसबी किंवा जेयूएसबी असे छापलेले असते. एका कोपऱ्यातली पिन मुद्दाम नसते, त्यावरून दिशा कळते.

६. अँटेना मागून हाताने फिरवून घट्ट करा. पक्कड लावू नका, आतला जोड तुटतो.

पाचवी पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग "वायफाय चालते, ब्लूटूथ दिसत नाही" म्हणून ड्रायव्हर शोधत बसतात. अशा कार्डावर वायफाय पीसीआयईवरून चालते आणि ब्लूटूथ यूएसबीवरून. केबल नसेल तर विंडोजच्या दृष्टीने ब्लूटूथ अस्तित्वातच नाही. समोरच्या पॅनेलच्या पोर्टांनी ती जागा अडवली असेल तर दोन फाटे असलेली यूएसबी हेडर केबल मिळते.

ड्रायव्हर

आता कोंबडी आधी की अंडे आधी असा पेच येतो: ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट हवे आणि इंटरनेटसाठी ड्रायव्हर हवा. खोक्यातली सीडी शोधू नका, ती बहुधा जुनी असते. अँड्रॉइड फोन डेटा केबलने संगणकाला जोडा आणि फोनच्या हॉटस्पॉट सेटिंग्जमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू करा. विंडोज १० आणि ११ फोनला लॅन जोडणीसारखे ओळखतात, वेगळा ड्रायव्हर सहसा लागत नाही. मग विंडोज अपडेट चालवा. बऱ्याच अ‍ॅडॉप्टरांचा ड्रायव्हर तिथूनच येतो.

नाही आला तर स्टार्ट बटणावर उजवी क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. अदर डिव्हायसेसखाली पिवळ्या खुणेसह नेटवर्क कंट्रोलर किंवा वायफायचे नाव दिसेल. प्रॉपर्टीजमध्ये कोड २८ असेल तर ड्रायव्हरच नाही. कोड १० असेल तर तो आहे, पण उपकरण सुरू होत नाही. अशा वेळी आधी पोर्ट किंवा स्लॉट बदलून पाहा.

योग्य ड्रायव्हर शोधायचा तर खोक्यावरच्या नावावर विसंबू नका. एकाच नावाखाली कंपन्या आतली चिप बदलतात. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एन या गाजलेल्या अ‍ॅडॉप्टरच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची चिप होती, दुसऱ्या आवृत्तीपासून रियलटेकची आली. एकाचा ड्रायव्हर दुसऱ्याला चालत नाही. म्हणून स्टिकरवर व्ही१, व्ही२ असे काय छापले आहे ते पाहा आणि कंपनीच्या संकेतस्थळावर तीच आवृत्ती निवडा. स्टिकर पुसला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडीज असे जा. कार्डाच्या व्हीईएन अक्षरांपुढे ८०८६ असेल तर इंटेल, १०ईसी असेल तर रियलटेक, १४सी३ असेल तर मीडियाटेक. यूएसबीच्या व्हीआयडीपुढे ०बीडीए म्हणजे रियलटेक. "सगळे ड्रायव्हर आपोआप" बसवून देणारी फुकट सॉफ्टवेअरे घेऊ नका. ती सोबत नको त्या गोष्टी आणतात.

अ‍ॅडॉप्टर लावल्यावर वायफायऐवजी सीडी ड्राइव्ह उगवला तर घाबरू नका. काही रियलटेक अ‍ॅडॉप्टर आधी स्वतःला ड्राइव्ह म्हणून दाखवतात, कारण ड्रायव्हर त्यातच ठेवलेला असतो. तो चालवा किंवा त्या ड्राइव्हवर उजवी क्लिक करून इजेक्ट करा.

लिनक्सवर इंटेलची कार्डे जवळपास बिनबोभाट चालतात. यूएसबीत मीडियाटेकची एमटी७९२१एयू चिप कर्नल (लिनक्सचा गाभा) ५.१८ पासून थेट चालते, आणि रियलटेकच्या आरटीएल८८२१सीयूसारख्या काही चिपांना ६.२ पासून आधार मिळाला. त्याहून जुने कर्नल असेल तर आधी ते अद्ययावत करा.

जोडणी आणि सेटिंग्ज

टास्कबारवरच्या नेटवर्क चिन्हातून आपल्या वायफायचे नाव निवडा आणि पासवर्ड टाका. लहान-मोठी अक्षरे वेगळी धरली जातात. राउटर दोन नावे दाखवत असेल तर ज्यापुढे ५जी आहे ते निवडा. त्याचा मोबाइलच्या ५जीशी संबंध नाही, तो ५ गिगाहर्ट्झचा पट्टा आहे. एक भिंत असेल तर हाच घ्या. दोन-तीन जाड भिंती किंवा मध्ये स्लॅब असेल तर २.४ जास्त टिकतो.

दोन्ही पट्ट्यांना एकच नाव असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये अ‍ॅडॉप्टरच्या प्रॉपर्टीजमधील अ‍ॅडव्हान्स्ड टॅबवर जा. तिथे प्रिफर्ड बँड दिसला तर ५ गिगाहर्ट्झला प्राधान्य द्या. त्याच खिडकीतल्या पॉवर मॅनेजमेंट टॅबवर, वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची मुभा देणारी खूण काढून टाका. संगणक झोपेतून उठल्यावर वायफाय गायब होण्याचे हे नेहमीचे कारण आहे.

मग सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, वायफाय आणि आपल्या जोडणीच्या प्रॉपर्टीज उघडून जोडणीचा वेग, पट्टा आणि चॅनेल (पट्ट्यातला ठरावीक क्रमांकाचा भाग) पाहा. नवा अ‍ॅडॉप्टर असूनही वेग बरोबर ५४ एमबीपीएसवर अडकला असेल तर राउटरची सुरक्षा टीकेआयपी किंवा डब्ल्यूईपीवर ठेवलेली असण्याची दाट शक्यता आहे. या जुन्या पद्धतींवर नवे वेग मिळतच नाहीत. राउटरच्या सेटिंग्जमध्ये जाऊन डब्ल्यूपीए२ आणि एईएस निवडा.

दिसत नाही, चालत नाही

फोनवर नेटवर्क दिसते पण संगणकावर दिसत नाही, तेव्हा राउटरचा चॅनेल तपासा. अमेरिकेहून आणलेले काही अ‍ॅडॉप्टर २.४ वर फक्त १ ते ११ चॅनेल पाहतात आणि आपल्याकडचे राउटर कधी १२ किंवा १३ वर जातात. राउटर १, ६ किंवा ११ वर पक्का करा. ५ गिगाहर्ट्झचे नाव दिसत नसेल तर ३६ ते ४८ पैकी एखादा चॅनेल देऊन पाहा. ५२ ते १४४ हे चॅनेल रडारशी वाटून घ्यावे लागतात आणि काही अ‍ॅडॉप्टर ते टाळतात. सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए३ वर असेल तरी जुना अ‍ॅडॉप्टर जोडला जात नाही. डब्ल्यूपीए२ आणि ३ ची मिश्र पद्धत निवडा.

जोडले गेले पण आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा संगणकाचा क्रमांक, १६९.२५४ ने सुरू होतो, म्हणजे राउटरने पत्ता दिलेलाच नाही. राउटर बंद करून चालू करा, आणि अ‍ॅडॉप्टरमध्ये कुणी हाताने पत्ता भरून ठेवला असेल तर तो ऑटोमॅटिकवर आणा. सगळे ठीक, तरी संकेतस्थळे सुरक्षा प्रमाणपत्राची तक्रार करत उघडत नाहीत, तर घड्याळ पाहा. जुन्या मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला की तारीख कित्येक वर्षे मागे जाते.

दोष अ‍ॅडॉप्टरचा की इंटरनेट कंपनीचा, हे ठरवायला कमांड प्रॉम्प्ट उघडा. इंग्रजी अक्षरांत पिंग, मग एक जागा सोडून राउटरचा पत्ता टाका. तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, जिओ फायबरला १९२.१६८.२९.१. उत्तरे सतत काही मिलिसेकंदांत येत असतील तर तुमचा अ‍ॅडॉप्टर नीट बसला आहे, तक्रार कंपनीकडे नोंदवा. ती मध्येच शेकड्यांवर उडत असतील किंवा गहाळ होत असतील तर अँटेना हातभर सरकवा, कॅबिनेट, लोखंडी कपाट आणि यूएसबी ३.० च्या केबलपासून दूर न्या, आणि पुन्हा पिंग करा.