नवा बेस घरी आला? आधी पाना बाजूला ठेवा

खोकं घरी येतं, टेप कापली जाते आणि दहा मिनिटांत नवा बेस, म्हणजे बेस गिटार, ॲम्पला लागलेला असतो. हा आनंद घ्यायलाच हवा, त्यासाठीच तर पैसे साठवलेले असतात. पण नव्या बेसचं जे नुकसान होतं ते बहुतेक पहिल्या पंधरा दिवसांत होतं, आणि वाजवण्याने नाही, पाना फिरवण्याने होतं.

खोकं मे महिन्यात आलं असेल तर ते ४४-४५ अंशांत गाडीत तापून आलंय हे लक्षात ठेवा. रात्रभर तसंच बंद राहू द्या. तापलेला बेस बाहेर काढून कूलरच्या ओल्या झोतासमोर उभा करणं ही नागपूरकरांची पहिली चूक. बेसला आणि कूलरला एकमेकांचं तोंड दिसू नये. शक्य असेल तर खोलीही वेगळी असावी.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक: ट्रस रॉडला हात घालणं. ३४ इंची बेसवर ४५ ते १०५ गेजच्या (तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) चार तारा मिळून नेकला, म्हणजे तारांखालच्या लांब दांड्याला, साधारण ७० ते ८० किलोच्या ताणाने ओढत असतात. त्या ओढीला नेकच्या आतली पोलादी सळई उलटा जोर देते, तीच ट्रस रॉड. तिचं काम नेकचा बाक सांभाळणं एवढंच. तारा किती उंच असाव्यात हे ती ठरवत नाही, ते ब्रिजवरचे सॅडल, म्हणजे बॉडीकडच्या टोकाला तारांना आधार देणारे छोटे तुकडे, ठरवतात. नवशिक्यांच्या डोक्यात नेमकं हे उलटं बसलेलं असतं.

प्रकार साधारण असा घडतो. मे महिन्यात बाहेरची हवा ठणठणीत कोरडी असते. दुपारी कूलर चालू झाला की खोलीत ओल भरते, बंद झाला की पुन्हा कोरडं. लाकूड ओलीने फुगतं, सुकलं की आकसतं, आणि नेक थोडा हलतो. नवतपा (मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस) सुरू होतो तेव्हा तारा खरखरायला लागलेल्या असतात. मालक मोबाईलवर व्हिडिओ बघतो, खोक्यातली ॲलन की, म्हणजे षटकोनी पाना, घेतो आणि अर्धा फेरा आवळतो. फरक दिसत नाही म्हणून आणखी अर्धा. खरं तर नेकला नव्या बाकात बसायला काही तास, कधी पूर्ण दिवस लागतो. दुसऱ्या दिवशी नेक मागे वाकलेला असतो आणि पहिल्या तीन-चार फ्रेटवर (नेकवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्या) सूरच उमटत नाही. मग घाबरून उलटं फिरवणं, पुन्हा आवळणं, आणि शेवटी रॉडच्या टोकाच्या नटच्या आतल्या कडा गोल होतात. जूनमध्ये पाऊस येतो, नेक परत हलतो, पण आता पाना धरायला जागाच उरलेली नसते. नट बदलता येतो तो नशिबाने. रॉड आतच तुटली तर फिंगरबोर्ड (नेकवर चिकटवलेली फ्रेटची लाकडी पट्टी) उचलावा लागतो, आणि स्वस्त बेसवर तो खर्च नव्या बेसच्या जवळपास जातो.

म्हणून आधी मोजा. बेस सुरात लावा आणि वाजवतो तसा मांडीवर धरा. सगळ्यात जाड तार पहिल्या फ्रेटवर आणि जिथे नेक बॉडीला मिळतो त्या फ्रेटवर दाबून ठेवा. आता सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात किती फट आहे ते बघा. ०.३ मिमीच्या आसपास हवी, म्हणजे साधं व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी. नेमकं मोजायचं असेल तर मोटार स्पेअर पार्ट्सच्या दुकानात फीलर गेज मिळतं, तेच चालतं. फट जास्त असेल तर नटकडे तोंड करून घड्याळाच्या दिशेने, फट नसेलच तर उलट्या दिशेने. एका वेळी फक्त पाव फेरा. मग बेस ठेवून द्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. हात शिवशिवत असेल तर स्केल वाजवा. ॲलन की अगदी घट्ट बसणारीच हवी: ५ मिमीच्या नटमध्ये ३/१६ इंची की आरामात जाते, पण ती ४.७६ मिमीची असते, आणि कडा गोल होतात त्या अशाच.

नेक जागेवर आला की मगच सॅडल. बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली २.५ मिमी, बारीक तारेखाली २ मिमी ठेवा. शिकणाऱ्याने याहून खाली जाण्याचा हट्ट धरू नये. जोरात छेडणाऱ्या कच्च्या हाताला तेवढी जागा लागतेच. इंटोनेशन, म्हणजे प्रत्येक फ्रेटवर सूर खरा लागणं, सगळ्यात शेवटी: बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर तिथल्याच हार्मोनिकपेक्षा (तार न दाबता फ्रेटच्या बरोबर वर नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) चढा लागला तर सॅडल मागे घ्या, उतरा लागला तर पुढे.

उन्हाळ्यात फ्रेटची टोकं बोटाला टोचतात, कारण फिंगरबोर्ड सुकून आकसलेला असतो. ती घासून घ्यायची तर उन्हाळ्यातच घ्या, आणि जाणत्या माणसाकडूनच.

दुसरी चूक बघून जीव तुटतो: तार आधी कापून मग खुंटीला लावणं. जाड तारेवरचं वेटोळं मोकळ्या टोकाकडून सुटायला लागतं आणि नवीकोरी तार मुक्या डब्यासारखी वाजते. तार खुंटीच्या पुढे १० ते १२ सेंटीमीटर मोजा, तिथे पक्कडीने काटकोनात कडक वाकवा, आणि वाकवल्यावरच वाकणाच्या पुढे कापा. टोक खुंटीच्या भोकात खाली घाला आणि वरून खाली उतरत जाणारे दोन-तीन वेढे द्या.

होम थिएटरला बेस लावू नका. पॅसिव्ह, म्हणजे बॅटरी नसलेल्या, बेसच्या पिकअपला (तारांची कंपनं टिपणारा चुंबकी भाग) साधारण १ मेगाओमचं इनपुट लागतं, होम थिएटरच्या लाइन-इनला ते मिळत नाही, म्हणून आवाज मेलेला आणि बारीक येतो. मग व्हॉल्यूम शेवटपर्यंत जातो, आणि एका जोरदार ठोक्यात स्पीकरचा कोन फाटतो. घरच्या सरावाला ८ इंची स्पीकरचा २५ वॉटचा बेस ॲम्प पुरतो. ड्रमसोबत वाजवायचं तर १०० वॉटही कमीच पडतात.

ॲम्पचा तीन पिनी प्लग टू-पिनमध्ये बसावा म्हणून अर्थिंगची पिन काढणं हा जिवाशी खेळ आहे. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी झाली तर ते ठीकच, पण झिणझिण्या आल्या तर लगेच स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा.

दोन पिकअपच्या जॅझ बेसचा एकच पिकअप चालू ठेवला की गुणगुण येते, तो बिघाड नाही. दोन्ही पिकअपचे व्हॉल्यूम नॉब पूर्ण उघडा, बहुतेक बेसवर ती जाते.

मोबाईलच्या ट्यूनरला सगळ्यात जाड तारेचा खालचा ई सापडत नाही, कारण तो ४१ हर्ट्झचा आहे आणि फोनचा माइक तिथे कमजोर असतो. बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक वाजवा, ८२ हर्ट्झ त्याला दिसतो. सूर नेहमी खालून वर चढवत लावा.

पहिल्या चार फ्रेटना चार बोटं ताणून लावू नका. पहिल्या ते चौथ्या फ्रेटमध्ये १३ सेंटीमीटर अंतर आहे आणि मनगट दुखणारच. डबल बासवाल्यांची जुनी रीत धरा: पहिलं बोट, मधलं बोट आणि करंगळी, करंगळीला अनामिकेचा आधार. पाचव्या फ्रेटच्या वर गेलात की खुशाल चारही बोटं वापरा.

आणि ॲक्टिव्ह, म्हणजे आत बॅटरी असलेला, बेस असेल तर वाजवून झाल्यावर जॅक काढा. जॅक आत असला की ९ व्होल्टची बॅटरी चालू राहते, बेस कोपऱ्यात उभा असला तरी. महिन्याभराने आवाज फाटका येऊ लागला की लोक पिकअप उघडायला बसतात. आधी बॅटरी बदला.