जुन्या कॉम्प्युटरची रॉम बदलताय, रॅम वाढवताय? या चुका टाळा

सॉकेट आहे म्हणजे चिप बसेल आणि बसली म्हणजे चालेल, या समजुतीपायी जुन्या मशीनचं सगळ्यात जास्त नुकसान होतं. किती मेमरी चालेल हे तीन गोष्टींवर ठरतं: प्रोसेसरला अ‍ॅड्रेस लाइन (मेमरीचा पत्ता नेणाऱ्या तारा) किती, त्यातला कोणता पट्टा कशासाठी राखून ठेवलाय, आणि मशीन सुरू होताना रॉममधला प्रोग्राम कुठपर्यंत मोजतो. म्हणून काहीही विकत घेण्याआधी रॉमची आवृत्ती आणि बोर्डावर छापलेला रेव्हिजन नंबर वाचून घ्या.

आयबीएम पीसी ५१५०: आधी बायोसची तारीख बघा

१९८१ च्या या मशीनचे तीन बायोस (मशीन सुरू करणारा रॉममधला प्रोग्राम) आहेत: २४ एप्रिल १९८१, १९ ऑक्टोबर १९८१ आणि २७ ऑक्टोबर १९८२. पहिले दोन ५४४ केबीच्या पुढे मेमरी मोजतच नाहीत. कार्ड लावा, स्विच बरोबर ठेवा, तरी आकडा पुढे सरकत नाही, आणि लोक चांगलं कार्ड बिघडलंय म्हणून बाजूला ठेवतात. हेच दोन बायोस कार्डावरची रॉमही शोधत नाहीत. त्यामुळे हार्ड डिस्कचा कंट्रोलर किंवा ईजीए हे ग्राफिक्स कार्ड लावलं तर मशीनला त्याचा पत्ताच लागत नाही. दोन्हीवर उपाय एकच, तिसरा बायोस. तारीख बघायला डॉसमध्ये डीबग उघडा आणि एफएफएफएफ:०००५ या पत्त्यावरची मेमरी दाखवायला सांगा; उजवीकडे तारीख सरळ अक्षरांत दिसते.

बायोस बदलताना दुसरी चूक होते. ५१५० मधली ८ केबीची मूळ रॉम २४ पिनची आहे आणि सहज मिळणारी २७६४ ही २८ पिनची. जादा चार पिन बाहेर लोंबकळत ठेवून ती दामटून बसवू नका, पिनांची जुळणीच वेगळी आहे. एक तर अ‍ॅडॉप्टर लावा, नाहीतर एमसीएम६८७६६ ही २४ पिनची ईप्रॉम (अतिनील प्रकाशाने पुसून पुन्हा लिहिता येणारी रॉम) वापरा. ती त्याच सॉकेटमध्ये सरळ बसते.

रॅमच्या बाबतीत सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ४११६ च्या जागी ४१६४ लावणं. ५१५० चे बोर्ड दोन प्रकारचे: १६ ते ६४ केबी आणि ६४ ते २५६ केबी. पहिल्यावर ४११६ चिपा असतात. त्यांना +५, −५ आणि +१२ असे तीन व्होल्टेज लागतात आणि पिन ८ वर १२ व्होल्ट येतात. ४१६४ तेवढीच, १६ पिनची, पण तिला पिन ८ वर फक्त ५ व्होल्ट हवे असतात. पॉवर दिल्या क्षणी ती जळते, आणि एका बँकेत नऊ चिपा असतात (आठ डेटाच्या, एक पॅरिटीची, म्हणजे चूक पकडणारी), म्हणजे नऊच्या नऊ जातात. शंका असेल तर रिकाम्या सॉकेटच्या पिन ८ वर मीटर लावून व्होल्टेज मोजा, मगच चिप हातात घ्या.

मोजणीत २०१ हा एरर आला तर घाबरून सगळ्या चिपा उपसू नका. त्याच्या आधीचे चार अंक नेमकी चिप सांगतात. समजा स्क्रीनवर १०२० २०१ आलं. पहिले दोन अंक जागा सांगतात: हेक्समध्ये १० म्हणजे ६४ केबीपासून पुढे, म्हणजे ६४-२५६ केबीच्या बोर्डावर बँक १. पुढचे दोन अंक बिट सांगतात: ०१ म्हणजे बिट ०, ०२ म्हणजे बिट १, ०४ म्हणजे बिट २, असं दुप्पट होत जातं, तेव्हा २० म्हणजे बिट ५. तिथे ०० असेल तर पॅरिटीची चिप बघा. बदली चिप मूळ चिपेइतकी किंवा तिच्याहून वेगवान हवी. २०० नॅनोसेकंदाच्या जागी १५० ची चालते, उलटं करू नका. नवी मेमरी लावल्यावर स्विच ब्लॉक २ वरचा एकूण मेमरीचा आकडा बदलायचा राहून जातो, तेही तपासा.

अमिगा ५००: फाइल बरोबर, चिप बरोबर, तरी स्क्रीन काळा

किकस्टार्ट (अमिगाची सिस्टिम रॉम) १.२ आणि १.३ या २५६ केबीच्या रॉम आहेत, २.०४ पासून पुढच्या ५१२ केबीच्या. रेव्हिजन ३ आणि ५ च्या बोर्डांवर मोठ्या रॉमला लागणारी वरची अ‍ॅड्रेस लाइन योग्य पिनवर पोचत नाही, त्यामुळे तारेची जोडणी किंवा अ‍ॅडॉप्टर लागतो. रेव्हिजन ६ए वर रॉम सरळ बसते.

स्वतः २७सी४०० या ईप्रॉमवर रॉम लिहिणाऱ्यांची नेहमीची चूक बाइटच्या क्रमाची. प्रोग्रामरमध्ये (चिप लिहिणाऱ्या यंत्रात) बाइट अदलाबदलीचा पर्याय निवडल्याशिवाय लिहिलं तर प्रोसेसरला पहिलीच सूचना उलटी मिळते आणि मशीन पुढे जात नाही. व्हेरिफाय मात्र बिनचूक येतं, कारण फाइल आणि चिप दोन्ही सारखीच उलटी असतात. फाइलचा आकारही बघा: ५१२ केबी म्हणजे नेमके ५,२४,२८८ बाइट. १.३ ची २,६२,१४४ बाइटची फाइल याच चिपवर घालायची असेल तर ती एकापाठोपाठ दोनदा लिहा.

सुरू होतानाचा रंग नीट बघा. लाल म्हणजे रॉमची तपासणी-बेरीज जुळत नाही. चिप लिहिताना चूक झाली असेल किंवा एखादी पिन सॉकेटमध्ये न जाता पोटाखाली दुमडली असेल, आणि दुमडलेली पिन वरून दिसत नाही. हिरवा म्हणजे चिप रॅममध्ये (ग्राफिक्स आणि आवाजाच्या चिपांना वापरता येणारी मेमरी) दोष.

आता मेमरी. खालच्या झाकणातून ५१२ केबीचं कार्ड लावलं की एकूण १ एमबी होते, पण ग्राफिक्स आणि आवाजाला ती सगळी मिळेलच असं नाही. अ‍ॅग्नस (मेमरी सांभाळणारी चिप) ८३७१ असेल तर चिप रॅम ५१२ केबीवरच थांबते. ८३७२ए असेल आणि बोर्ड ६ए असेल तर जेपी२ हा जंपर बदलून आणि जेपी७ए तोडून पूर्ण १ एमबी चिप रॅम होते. आधी आणि नंतर शेलमध्ये अव्हेल कमांड देऊन आकडे ताडून बघा. कार्डावर निकेल-कॅडमियम बॅटरी असेल तर ती आजच काढा. तिचा गळलेला अल्कली द्रव तांब्याच्या रेषा खातो.

अमिगा १२०० मध्ये ८ एमबीचं साधं कार्ड लावून पीसीएमसीआयए स्लॉट बंद पडला तर कार्ड सदोष नाही. दोघांचे पत्ते एकमेकांवर येतात. कार्डावरचा जंपर ४ एमबीवर ठेवा.

ईप्रॉमचं व्होल्टेज

लिहिण्याचं व्होल्टेज चिपेगणिक वेगळं असतं. २७३२ ला २५ व्होल्ट, २७३२ए ला २१. जुन्या २७६४ ला २१, पण २७६४ए ला १२.५. एका अक्षराचा फरक, पण २७६४ए ला २१ व्होल्ट दिले की ती कायमची जाते. स्वस्त प्रोग्रामर बहुधा २१ पर्यंत पोचतच नाहीत, म्हणून जुनी चिप अर्धवट लिहिली जाते. जुन्या साठ्यातली चिप आधी कोरी आहे का तपासा, आणि लिहून झाल्यावर काचेच्या खिडकीवर अपारदर्शक लेबल लावा.

अटारी आणि अ‍ॅपल

अटारी एसटीत टीओएस (अटारीची ऑपरेटिंग सिस्टिम) १.०४ काढून तिथेच २.०६ घालू नका. जुनी १९२ केबीची, नवी २५६ केबीची, आणि नवीचा पत्ता एफसी०००० ऐवजी ई००००० पासून सुरू होतो. डीकोडर असलेलं कार्ड लागतं. सहा चिपांच्या संचात वरच्या आणि खालच्या बाइटच्या चिपांची अदलाबदल झाली तरी मशीन उठत नाही.

अ‍ॅपल २ई च्या १९८५ च्या एन्हान्समेंट संचात चार चिपा आहेत: ६५सी०२ प्रोसेसर, सीडी आणि ईएफ (पत्त्यांवरून पडलेली नावं) रॉम, आणि अक्षरांची रॉम. चारही एकदम बदला. नव्या रॉममध्ये ६५सी०२ च्याच सूचना आहेत, त्यामुळे जुना ६५०२ ठेवला तर मशीन मध्येच अडकतं. अक्षरांची रॉम जुनी राहिली तर माउसटेक्स्टच्या (मेनू-खिडक्या काढायच्या) चित्रांऐवजी उलट्या रंगातली मोठी अक्षरं दिसतात.

चिप काढताना

चपटा स्क्रूड्रायव्हर चिप आणि सॉकेट यांच्या मध्ये घाला. सॉकेट आणि बोर्ड यांच्या मध्ये गेला तर खालच्या रेषा खरवडल्या जातात. एका टोकाला एक मिलिमीटर, मग दुसऱ्या टोकाला, असं आळीपाळीने उचला. नव्या चिपेच्या पिन बाहेर फाकलेल्या असतात; एकेक बाजू टेबलावर टेकवून हलकेच आत वळवा. खाच सॉकेटच्या खाचेशी जुळवा. चिप उलटी बसली तर काही सेकंदांत चटका बसेल इतकी तापते.

मॅकिंटॉश एसई/३०

इथे मेमरीचे सॉकेट आठ आहेत आणि १६ एमबीच्या सिमने (मेमरीच्या छोट्या पट्ट्यांनी) १२८ एमबी होतात. पण मूळ रॉम ३२-बिटचे पत्ते नीट हाताळत नाही, म्हणून २४-बिटमध्ये फक्त ८ एमबी वापरता येतात आणि उरलेली सगळी सिस्टिमच्या नावावर दिसते. सिम बदलून उपयोग नाही. मोड३२ हे सॉफ्टवेअर घाला, किंवा ६४ पिनच्या रॉम सॉकेटमध्ये मॅक आयआयएसआयची रॉम लावा. सिम नेहमी चार-चारच्या गटात आणि गटात एकाच क्षमतेच्या, कारण ८-बिटच्या चार सिम मिळून ३२-बिटचा मार्ग पुरा होतो. त्यानंतर मेमरी कंट्रोल पॅनेलमध्ये ३२-बिट अ‍ॅड्रेसिंग चालू करून मशीन पुन्हा सुरू करा. हा पर्याय पीरॅममध्ये (बॅटरीवर टिकणाऱ्या सेटिंगच्या मेमरीत) साठवला जातो. मशीन दर वेळी २४-बिटवर परत येत असेल तर बोर्डावरची ३.६ व्होल्टची लिथियम बॅटरी मोजा. ती संपलेली असते.