मुलांच्या चेहऱ्यावर मोठ्यांचं स्किनकेअर: या चुका टाळा

गालांवर लाल चट्टे, पापण्यांची सालं निघालेली, ओठांभोवती बारीक पुरळ, वय नऊ ते बारा. असं मूल माझ्या दवाखान्यात आलं की पूर्वी मी आधी साबणाची चौकशी करायचे, मग घरात कुणाला दमा किंवा एक्झिमा आहे का ते विचारायचे. आता पहिला प्रश्न असतो, "रात्री चेहऱ्याला काय काय लावतेस?" तो मुलीलाच विचारायचा. आईला निम्म्या बाटल्यांची नावंही ठाऊक नसतात. मुलं हे सगळं फोनवर शिकतात, तेही आपल्याच वयाच्या मुलांकडून.

आईची लिपस्टिक लावून आरशासमोर मिरवणं मुलं कायमच करत आली आहेत. त्याला माझी हरकत नाही. खेळ संपला की तोंड धुतात, विषय मिटतो. रेटिनॉल, ग्लायकॉलिक ॲसिड, व्हिटॅमिन सीची तीव्र सीरमं मात्र त्वचेत उतरून तिथलं काम बदलण्यासाठी बनवलेली असतात. घरात हे सगळं एकाच खणात पडलेलं असतं आणि त्याकडे एकाच नजरेने पाहिलं जातं. पुढच्या बहुतेक चुका तिथूनच निघतात.

चेहरा बिघडला की आणखी एक बाटली

ही चूक मी सगळ्यात जास्त पाहते आणि हिचाच मला सगळ्यात जास्त राग येतो. त्वचा लाल झाली, आणा लालीवरचं सीरम. कोरडी पडली, आणा जाड क्रीम. पुरळ आलं, आणा सॅलिसिलिक ॲसिड. मुळात काय लावल्यामुळे बिघडलं, हा प्रश्न कुणी विचारत नाही.

अकरा वर्षांच्या एका मुलीचं सांगते. माझी पद्धत अशी की घरातलं सगळं पिशवीत भरून आणायला सांगायचं आणि मुलीलाच ते टेबलावर मांडायला लावायचं, ज्या क्रमाने लावते त्या क्रमाने. तिने न अडखळता ओळ लावली: फेसवॉश, ग्लायकॉलिक ॲसिडचा टोनर, व्हिटॅमिन सी, नायसिनामाइड (ब-3 जीवनसत्त्वाचं एक रूप), डोळ्यांखाली लावायची रेटिनॉलची क्रीम, मॉइश्चरायझर आणि शेवटी सुगंधी फवारा. टक्केवारीसुद्धा पाठ. शेजारी बसलेली आई हे सगळं पहिल्यांदाच ऐकत होती.

सुरुवात मॉइश्चरायझर आणि फवाऱ्यानेच झाली होती, मैत्रिणीकडे होतं म्हणून. मग चेहऱ्याला चमक यावी म्हणून टोनर आला. तो चुरचुरला. व्हिडिओतल्या मुलीने सांगितलं होतं की चुरचुरतंय म्हणजे काम करतंय, म्हणून ही रोज दोनदा लावत राहिली. या एका वाक्याने जेवढे चेहरे बिघडवले आहेत तेवढे दुसऱ्या कशाने बिघडवले नसतील. चुरचुरणं, आग होणं, ताणल्यासारखं वाटणं म्हणजे त्वचा दुखावली आहे. एवढाच त्याचा अर्थ.

गाल लाल झाले तेव्हा नायसिनामाइड आलं. साल निघायला लागली तेव्हा आईने जाड क्रीम आणली, तीही छान वासाची. मग ओळखीतल्या कुणीतरी "आमच्याकडे सगळ्याला हीच लावतात" म्हणून एक ट्यूब दिली. त्यात स्टेरॉइड होतं. दोन दिवसांत चेहरा स्वच्छ झाला आणि घरात सगळे खूश. लावायचं थांबवलं की आधीपेक्षा जास्त उसळायचं, मग परत लावायचं. माझ्याकडे आली तेव्हा तोंडाभोवती आणि नाकाच्या कडेला बारीक लाल फोडांचं कडं तयार झालं होतं. याला पेरिओरल डर्मटायटिस म्हणतात. चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत राहण्याने होणारा हा ठरलेला प्रकार आहे.

यामागचं कारण नीट समजून घ्या. त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा आणि त्यांच्यामधल्या स्निग्ध पदार्थांचा असतो. आतलं पाणी आत आणि बाहेरचं बाहेर ठेवणं हे त्याचं काम. ग्लायकॉलिकसारखी ॲसिडं या पेशींना धरून ठेवणारे बंध सैल करतात. मोठ्या माणसाच्या राठ, डागाळलेल्या त्वचेवर त्याचा उपयोग होतो. मुलांचा हा थर मुळातच पातळ असतो, आणि वयात येईपर्यंत त्यांच्या चेहऱ्यावर तेलही फारसं सुटत नाही. तो विस्कटला की वरून लावलेलं काहीही सहज आत जातं, आणि ज्या साध्या क्रीमने एरवी काही झालं नसतं तीही झोंबते. मग घरचे म्हणतात, "हीपण सूट होत नाही," आणि नवीन आणतात.

तिला मी एकच गोष्ट दिली: सुट्टी. सगळ्या बाटल्या बंद. तोंड कोमट पाण्याने धुवायचं, ओलसर असतानाच वास नसलेली साधी जाड क्रीम लावायची, फार कोरड्या जागी पेट्रोलियम जेली, उन्हात टोपी. स्टेरॉइड थांबवल्यावर पहिले काही दिवस चेहरा आणखी लाल होतो, त्यासाठी औषध वेगळं दिलं. ते घरच्या घरी करायचं काम नाही. तिसऱ्याच दिवशी आईचा फोन: "डॉक्टर, काहीच फरक नाही, दुसरं काही लिहून देता का?" दिलं नाही. वरचा थर नवा तयार व्हायला तीन-चार आठवडे लागतात आणि ती घाई कुठल्याही क्रीमने होत नाही. ज्यांना तीन दिवसांत फरक हवा असतो त्यांच्याच घरी स्टेरॉइडची ट्यूब पोचते, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगते. त्या मुलीचा चेहरा पूर्ववत व्हायला दोन महिने गेले.

त्यानंतर नवीन काही आणायचंच असेल तर एका वेळी एकच. आधी कोपराच्या आतल्या बाजूला, नाण्याएवढ्या जागेवर, रोज दोनदा, आठवडाभर लावून बघायचं. "काल लावलं, काही झालं नाही" याला अर्थ नाही. ॲलर्जी पहिल्यांदा तयार व्हायलाच दहा-पंधरा दिवस जातात, आणि पुढच्या वेळी ती दिसते तीही एक-दोन दिवसांनी. शिवाय एकदा झालेली ॲलर्जी बहुधा जन्मभर राहते. नवव्या वर्षी एखाद्या सुगंधी द्रव्याची ॲलर्जी झाली तर पुढे प्रत्येक साबण, शाम्पू, परफ्यूम विकत घेताना बारीक अक्षरं वाचत बसावं लागतं. म्हणून मुलांच्या बाबतीत माझा पहिला नियम: वास येणारं काही नको. मेथिलआयसोथायाझोलिनोन नावाचं एक प्रिझर्व्हेटिव्हही असंच त्रासदायक. लावून तशाच ठेवायच्या उत्पादनांत त्यावर युरोपियन युनियनने 2017 पासून बंदी घातली आहे.

"आत्तापासून लावलं तर पुढे सुरकुत्या येणार नाहीत"

दहा वर्षांच्या मुलीच्या तोंडून हे वाक्य ऐकलं की मला वाईट वाटतं. त्याहून वाईट वाटतं शेजारचा मोठा माणूस मान डोलावतो तेव्हा.

रेटिनॉल हे अ जीवनसत्त्वाचं रूप. त्वचेत गेल्यावर त्याचं रेटिनॉइक ॲसिड होतं आणि ते पेशी नव्या तयार होण्याचा वेग वाढवतं, कोलॅजन बनवायला लावतं. मोठेपणी हा वेग मंदावतो, कोलॅजन कमी होत जातं, म्हणून तेव्हा त्याला अर्थ आहे. दहा वर्षांच्या मुलाच्या त्वचेत हे दोन्ही जोरात चालू असतं. तिथे रेटिनॉलला भरून काढायला काहीच नाही. हाती लागतो तो फक्त कोरडेपणा, साल आणि लाली. कोलॅजन साठवून ठेवता येत नाही, त्यामुळे "आत्तापासून" या शब्दाला इथे काही आधार नाही. मुलांना मुरुमांसाठी आम्ही रेटिनॉइड, म्हणजे रेटिनॉलच्याच कुळातलं औषध, देतो, पण ते मुरुमांसाठी, ठरलेल्या मात्रेत आणि लक्ष ठेवून.

मोठ्यांच्या बाबतीतही युरोपियन युनियनने 2024 मध्ये चेहऱ्याच्या उत्पादनांत रेटिनॉलची मर्यादा 0.3 टक्के आणि अंगाला लावायच्या लोशनमध्ये 0.05 टक्के ठरवली. त्याच वर्षी स्वीडनमधल्या अपोटेक ह्यार्टाट या औषध दुकानांच्या साखळीने 15 वर्षांखालच्या मुलांना पालकांच्या संमतीशिवाय असली तीव्र उत्पादनं विकणं थांबवलं. दुकानदाराला जे कळलं ते घरात कळायला हरकत नाही.

चेहऱ्यावर वय सगळ्यात जास्त आणतं ते ऊन, आणि नेमकं तेच या सगळ्या खटाटोपातून सुटतं. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी 7 ते 18 वर्षांच्या मुलींचे टिकटॉकवरचे 100 स्किनकेअर व्हिडिओ तपासले. 2025 मध्ये 'पीडिॲट्रिक्स' या नियतकालिकात हे संशोधन प्रसिद्ध झालं. मुली सरासरी सहा उत्पादनं लावत होत्या. सगळ्यात जास्त पाहिल्या गेलेल्या व्हिडिओंमध्ये त्वचेला त्रास देऊ शकतील असे घटक सरासरी अकरा. आणि दिवसा लावायच्या रुटीनपैकी जेमतेम 26 टक्क्यांत सनस्क्रीन. म्हणजे ॲसिडने त्वचा उन्हाला आणखी हळवी करायची आणि तशीच उन्हात न्यायची. ग्लायकॉलिक बंद केल्यावरही हा हळवेपणा आठवडाभर राहतो.

तेव्हा मुलीला सुरकुत्यांची खरोखरच काळजी असेल तर तिच्या हातात सनस्क्रीन द्या. एसपीएफ 30 किंवा जास्त, ब्रॉड स्पेक्ट्रम, म्हणजे उन्हातल्या यूव्हीए आणि यूव्हीबी या दोन्ही किरणांपासून वाचवणारं. हळव्या त्वचेला झिंक ऑक्साइडचं बरं. बाहेर असेपर्यंत दर दोन तासांनी पुन्हा. टोपी आणि लांब बाह्या त्याहून स्वस्त आणि जास्त भरवशाच्या.

बाकीच्या, थोडक्यात

दाणेदार स्क्रब मुलांच्या चेहऱ्यावर नको, आठवड्यातून एकदाही नको.

मुरुमावर टूथपेस्ट किंवा लिंबू लावू नका. लिंबाचा रस लागलेली जागा उन्हात भाजल्यासारखी होते आणि काळा डाग महिनोन्‌महिने जात नाही.

"नॅचरल" लिहिलंय म्हणून निर्धास्त राहू नका. सुगंधी तेलं नॅचरलच असतात आणि ॲलर्जीच्या यादीतही असतात.

मस्कारा आणि आयलायनर मैत्रिणींमध्ये फिरवू नका. डोळे येण्याचा तो सोपा रस्ता आहे. स्वतःचा मस्काराही तीन महिन्यांनी टाकून द्या.

केसांना कायमचा रंग नको. त्यातल्या पीपीडी या रसायनाची ॲलर्जी फार वाईट होते. युरोपात अशा डायच्या खोक्यावर तो 16 वर्षांखालच्यांसाठी नाही असं छापावंच लागतं. "काळी मेंदी" म्हणून काढतात त्या तात्पुरत्या टॅटूतही बऱ्याचदा हेच पीपीडी असतं.

घरी लावायचे जेल नेलपॉलिशचे संच मुलांच्या हातात देऊ नका. न वाळलेलं जेल बोटाच्या कातडीला लागत राहिलं की मेथॅक्रिलेटची ॲलर्जी होते. त्याच जातीची रसायनं दातांच्या सिमेंटमध्ये आणि हाडांच्या शस्त्रक्रियेतही वापरतात, म्हणजे नखांची हौस पुढे भलत्या जागी आडवी येऊ शकते.

बंदी घालून मोकळं होणं

सगळं जप्त करून कचऱ्यात टाकणारे पालकही येतात. मग मुलगी मैत्रिणीच्या घरी लावते आणि चेहरा सोलला तरी सांगत नाही. माझा अनुभव असा की मुलांना वस्तूपेक्षा तो सोहळा हवा असतो: स्वतःचा खण, रोज ठरलेली वेळ, आपलं काहीतरी. ते देता येतं. सौम्य, साबण नसलेलं क्लिन्झर, साधं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन आणि वर एक रंगीत हेअरबँड. तीन बाटल्यांच्या पुढे बारा वर्षांखालच्या निरोगी मुलाला कशाचीच गरज नसते. घटकांची नावं वाचायची हौस असेल तर मुलीला शेजारी बसवून खोकं वाचा. बहुतेक मुलं ते आवडीने करतात आणि महिनाभरात आईपेक्षा पुढे जातात.

आणि आरशासमोर उभं राहून "किती म्हातारी दिसतेय मी" म्हणायचं तेवढं बंद करा. मागे उभं असलेलं मूल ऐकत असतं.

केव्हा थांबू नये

पापणी सुजली, फोड आले, पाणी सुटलं, आग थांबत नाही, तर चेहरा साध्या पाण्याने भरपूर धुवा आणि त्याच दिवशी दाखवा. आठ-नऊ वर्षांपासून नाकाकपाळावर चार-दोन पुटकुळ्या येणं नेहमीचं आहे, त्यासाठी बाटल्या जमवायची गरज नाही. मात्र सातव्या वर्षाच्या आत, बाळपण ओलांडलेल्या मुलाला खरे मुरुम आले तर ते नेहमीचं नाही. त्यामागे हार्मोन्सची गडबड असू शकते. तिथे फेसवॉश बदलून बघण्यात आठवडे घालवू नका, बालरोगतज्ज्ञांकडे न्या.