छत्रीवर एचडी वाहिन्या वाढल्या. पाहताना आणि पैसे भरताना या चुका टाळा

उपग्रहाद्वारे छत्रीवर, म्हणजे डिश अँटेनावर, घरोघरी दूरचित्रवाणी पोहोचविणाऱ्या कंपन्या आपल्या यादीतील एचडी, म्हणजे अधिक स्पष्ट चित्राच्या, वाहिन्या वाढवीत आल्या आहेत. ऑक्टोबर २०१० मध्ये दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या, तेव्हा एचडी चित्र ही मोजक्या घरांतील गोष्ट होती. २०१६ मध्ये मराठी मनोरंजन वाहिन्यांच्या एचडी आवृत्त्या सुरू झाल्या आणि घरातील रोजच्या मालिकाही त्या स्वरूपात दिसू लागल्या. जून २०२२ मध्ये जीसॅट-२४ हा २४ केयू-बँड ट्रान्सपाँडर (घरगुती छत्रीसाठीच्या लहरी जमिनीकडे पाठविणारी उपकरणे) असलेला उपग्रह सोडण्यात आला आणि त्याची संपूर्ण क्षमता टाटा प्ले या एकाच कंपनीला देण्यात आली. एवढ्या जागेची गरज का पडते, हे साध्या हिशोबाने कळते. एसडी, म्हणजे साध्या, चित्रात ७२० गुणिले ५७६, म्हणजे सुमारे ४ लाख १५ हजार ठिपके असतात, तर पूर्ण एचडी चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजारांहून अधिक. ठिपके पाचपट झाले की माहिती कितीही दाबून पाठविली, तरी तिला आकाशात जास्त जागा लागतेच.

वाहिन्या वाढल्या, तरी जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील कितीतरी घरांत पैसे एचडीचे भरले जातात आणि चित्र मात्र पूर्वीचेच दिसते. गेली अनेक वर्षे नातेवाइकांच्या आणि शेजाऱ्यांच्या घरी हे पाहत आल्यावर माझे असे ठाम मत झाले आहे की, दोष बहुतेक वेळा छत्रीपासून टीव्हीपर्यंतच्या शेवटच्या पंधरा-वीस मीटरमध्ये असतो. ग्राहक मात्र त्यासाठी पॅक बदलतो, कंपनी बदलतो, प्रसंगी नवा टीव्हीही घेतो.

टीव्ही एचडी, पण बॉक्स आणि वायर जुनी

नवा मोठा टीव्ही घरात आला की चित्र आपोआप एचडी होईल, ही सर्वांत सामान्य समजूत आहे. टीव्ही कितीही चांगला असला, तरी सेटटॉप बॉक्स जेवढे चित्र देईल तेवढेच तो दाखवितो. बॉक्स एसडी असेल, तर एचडी वाहिनी त्यावर उघडणारच नाही, मग रिचार्ज कितीचाही केलेला असो. बॉक्सवर एचडी असे छापलेले आहे का आणि मागच्या बाजूला एचडीएमआयचे चपटे छिद्र आहे का, हे पॅक बदलण्यापूर्वी पाहावे. डीडी फ्री डिश वापरणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की, चित्र दाबून पाठविण्याच्या जुन्या पद्धतीच्या, म्हणजे एमपेग-२, बॉक्सवर एमपेग-४ या नव्या स्वरूपातील वाहिन्या दिसत नाहीत. छत्री कितीही फिरविली, तरी त्या येणार नाहीत. तेथे बॉक्सच बदलावा लागतो.

बॉक्स एचडी असूनही तो लाल, पांढऱ्या आणि पिवळ्या पिनांच्या वायरने टीव्हीला जोडलेला असतो, हे त्याहूनही अधिक घरांत आढळते. पिवळ्या पिनेतून एचडी चित्र जातच नाही. आमच्या अमळनेरच्या घरी बॉक्स बसविणाऱ्याने जुन्या टीव्हीची तीच वायर नव्या टीव्हीला लावून दिली होती आणि बॉक्ससोबत आलेली एचडीएमआय वायर पिशवीतच राहिली होती. वर्षभर आम्ही एचडीचे पैसे भरले आणि चित्र एसडीचे पाहिले. एचडीएमआय वायर लावल्यावर टीव्हीच्या रिमोटवरील सोर्सचे बटण दाबून योग्य एचडीएमआय निवडावे लागते आणि बॉक्सच्या सेटिंगमध्ये चित्राचे रिझोल्यूशन १०८०आय किंवा त्याहून वरचे ठेवावे लागते. ते ५७६ वर राहिले असेल, तर चांगली वायर असूनही उपयोग होत नाही. माणसे जाडजूड आणि बुटकी दिसत असतील, तर जुन्या टीव्हीच्या ४:३ आकाराचे चित्र ताणून रुंद १६:९ केले जात आहे असे समजावे.

मात्र वाहिनीच्या नावात एचडी असले, तरी तिच्यावरील प्रत्येक कार्यक्रम एचडीत चित्रित झालेला नसतो. जुना चित्रपट त्या वाहिनीवर धूसर दिसला, तर बॉक्समध्ये दोष शोधू नये. तपासणी नेहमी थेट सामन्यावर किंवा ताज्या मालिकेवर करावी.

एकाच वाहिनीचे दोनदा पैसे

दूरसंचार नियामक प्राधिकरणाची, म्हणजे ट्रायची, नवी दररचना १ फेब्रुवारी २०१९ पासून प्रत्यक्षात आली आणि वाहिन्या सुट्या निवडण्याची मुभा मिळाली. नेटवर्क क्षमता शुल्क, म्हणजे वाहिन्या घरापर्यंत पोहोचविण्याचे मूळ शुल्क, मोजताना एक एचडी वाहिनी दोन एसडी वाहिन्यांच्या बरोबरीने धरली जाऊ लागली. सुरुवातीला १३० रुपये अधिक कर या मर्यादेत १०० वाहिन्या मिळत होत्या, पुढे २०२० मध्ये ती संख्या २०० झाली आणि जुलै २०२४ च्या बदलानंतर हे शुल्क किती असावे, हे ठरविण्याची मोकळीक कंपन्यांना देण्यात आली. त्यामुळे शेजारच्या घरी दुसऱ्या कंपनीची छत्री असेल, तर त्यांचे बिल आपल्या बिलाशी ताडून पाहण्यात फारसा अर्थ नाही.

चूक होते ती अशी. घरात आधीपासून मराठी वाहिन्यांचा एसडी पॅक असतो, त्यावर नवा एचडी पॅक घेतला जातो आणि जुना बंद करण्यास कोणी सांगत नाही. मग स्टार प्रवाह, झी मराठी, कलर्स मराठी या वाहिन्या दोन-दोन क्रमांकांवर दिसतात, दोन्हींचे पैसे दर महिन्याला जातात आणि घरातील वडीलधारी मंडळी सवयीने जुनाच क्रमांक दाबत राहतात. कंपनीच्या अ‍ॅपमध्ये चालू पॅकची यादी उघडून एकच नाव दोनदा आले आहे का, हे एकदा शांतपणे पाहावे. अ‍ॅप वापरता येत नसेल, तर ग्राहक सेवेला फोन करून पूर्ण यादी वाचून दाखविण्यास सांगावे.

येथे एक मत स्पष्टपणे मांडतो. चोवीस इंची टीव्ही असेल आणि तो ओसरीच्या दुसऱ्या टोकाला बसून दहा-बारा फुटांवरून पाहिला जात असेल, तर एसडी आणि एचडी यांतील फरक डोळ्यांना जेमतेम जाणवतो. अशा घराने सगळ्या वाहिन्या एचडीत घेण्याऐवजी क्रिकेटची एखादी वाहिनी एचडीत घ्यावी आणि बाकीच्या एसडीत ठेवाव्यात. घरोघरी पूर्ण एचडी पॅक विकणे हा विक्रेत्याचा व्यवसाय आहे, परंतु केळीचा किंवा कापसाचा भाव पडलेल्या वर्षी महिन्याला वाचणारे रुपयेही महत्त्वाचे असतात.

काही वाहिन्या येतात, काही फुटतात

सर्वाधिक गैरसमज याच तक्रारीबद्दल आहे. नेहमीच्या एसडी वाहिन्या स्वच्छ दिसतात, एचडी लावली की चित्राचे चौकोन चौकोन होतात, आवाज तुटतो आणि ग्राहक वाहिनीलाच दोष देतो. छत्रीवरील एलएनबी (छत्रीसमोर दांड्यावर बसविलेला, लहरी पकडणारा भाग) उभ्या आणि आडव्या अशा दोन प्रकारच्या लहरी पकडते आणि कोणत्या प्रकारच्या लहरी पकडायच्या, हे तिला बॉक्स वायरीतून १३ किंवा १८ व्होल्ट पाठवून सांगतो. वायर लांब असेल, मध्ये दोन-तीन जोड असतील किंवा पिनेला गंज चढला असेल, तर १८ व्होल्ट पुरते वर पोहोचत नाहीत आणि त्या बाजूच्या सगळ्या वाहिन्या एकदम जातात, त्यांत एसडीही असतात आणि एचडीही. म्हणून कोणत्या वाहिन्या दिसत नाहीत, याची यादी कागदावर लिहून ठेवावी. ठरावीक वाहिन्यांचा गटच जात असेल, तर आधी वायर तपासावी आणि छत्रीला हात लावू नये.

बॉक्सच्या मेनूमध्ये सिग्नलचे दोन आकडे दिसतात, एक ताकदीचा आणि दुसरा गुणवत्तेचा. ताकद भरपूर आणि गुणवत्ता कमी, असे असेल, तर एलएनबीला वीज मिळत आहे, पण छत्रीचा रोख थोडा चुकला आहे, हाच अर्थ बहुधा निघतो. या दोनपैकी गुणवत्तेचाच आकडा महत्त्वाचा आहे, हे तपासायला येणारा प्रत्येक जण सांगतोच असे नाही.

आपल्याकडील ऊन हा वायरीचा मोठा शत्रू आहे. जळगाव आणि भुसावळकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. गच्चीवरून उघडी गेलेली काळी वायर दोन-तीन उन्हाळ्यांत कडक होते, तिच्या सालीला भेगा पडतात आणि जूनच्या पहिल्या पावसात पाणी आत शिरून तांब्याच्या जाळीला हिरवा गंज चढतो. वायर बदलताना आरजी-६ प्रकारची एकसंध वायर घ्यावी, तिला मध्ये जोड देऊ नये आणि एलएनबीला जोडण्यापूर्वी तिला खाली झुकलेला एक झोल द्यावा, म्हणजे पाणी वायरीवरून पिनेत न जाता खाली गळून पडते. जोडावर नुसती चिकटपट्टी गुंडाळली, तर एका उन्हाळ्यात तिचा गोंद वितळतो.

छत्री कशावर उभी आहे, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. धाब्याच्या घरावर मातीत रोवलेला पाइप पावसाळ्यात सैल होतो आणि पत्र्याच्या शेडवरील छत्री वाऱ्याने पत्र्यासकट थरथरते. रावेर-यावलकडे केळीच्या बागा आडव्या करणारे वळवाचे वारे आले की दुसऱ्या दिवशी टीव्हीच्या तक्रारीही वाढतात. उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. छत्री एका अंशाने हलली, तर तिचा रोख तेथे सहाशे किलोमीटरांहून अधिक चुकतो. भिंतीत किंवा काँक्रीटमध्ये बोल्टने घट्ट बसविलेला पाइप हाच याला उपाय आहे. दगड आणि तार यांवर वर्षे काढू नयेत.

निंबाला दोष देण्यापूर्वी

आपल्या गावांत अंगणात किंवा गल्लीत निंबाचे झाड असतेच, आणि चित्र फुटू लागले की पहिली कुऱ्हाड त्यावर पडते. आमच्या गल्लीत असाच एक जुना निंब अर्धा छाटला गेला, तरी चित्र सुधारले नाही, कारण दोष एलएनबीच्या फुटलेल्या टोपणात होता. त्या सावलीची हळहळ अजून वाटते.

छत्री दिसायला बरीच उभी असते, त्यामुळे ती समोरच्या झाडाकडे पाहत आहे असा भास होतो. प्रत्यक्षात एलएनबी मध्यापेक्षा खाली बसविलेली असल्याने छत्रीचा खरा रोख दिसतो त्यापेक्षा पुष्कळ वर असतो. जळगावहून पाहिले, तर टाटा प्लेचे उपग्रह ८३ अंश पूर्व रेखांशावर, म्हणजे दक्षिणेपासून साधारण २० अंश पूर्वेकडे आणि क्षितिजापासून सुमारे ६४ अंश उंच आहेत. एअरटेलचा उपग्रह १०८.२ अंशांवर असल्याने तो अधिक पूर्वेकडे आणि सुमारे ४६ अंश उंच आहे. डिश टीव्हीचा ९५ आणि डी२एचचा ८८ अंशांवरील उपग्रह या दोहोंच्या मधे येतो. टाटा प्लेच्या छत्रीपासून दहा फुटांवरचे झाड आड येण्यासाठी ते छत्रीपेक्षा वीस फूट उंच असावे लागते, एअरटेलच्या छत्रीसाठी मात्र दहा फूट पुरतात. झाड उत्तरेला किंवा पश्चिमेला असेल, तर त्याचा चित्राशी काही संबंध नाही. छाटणी खरोखरच करावी लागली, तरी पाने गळालेली असताना स्वच्छ दिसणारे चित्र पालवी फुटल्यावर बिघडते का, हे आधी पाहावे.

आपोआप जाणारे आणि आपोआप येणारे चित्र

मुसळधार पावसात केयू-बँडच्या लहरी क्षीण होतात आणि चित्र थांबते. ढग ओसरले की ते परत येते. अशा वेळी गच्चीवर चढून छत्री हलविणे ही धोक्याची चूक आहे, कारण वीज कडाडत असताना लोखंडी पाइपाला हात लावण्याची ती वेळ नव्हे. शिवाय योग्य जागी असलेली छत्री त्या हाताने बिघडते. आकाश निरभ्र झाल्यावर तासाभरातही चित्र आले नाही, तरच दोष शोधावा. वादळाची चिन्हे दिसताच बॉक्सचा अ‍ॅडॉप्टर आणि छत्रीची वायर दोन्ही काढून ठेवावीत.

मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला सूर्य काही दिवस नेमका उपग्रहाच्या मागे येतो. त्या वेळी सकाळी साडेनऊ ते दुपारी साडेबाराच्या दरम्यान, ज्याच्या-त्याच्या उपग्रहाप्रमाणे, स्वच्छ उन्हातही काही मिनिटे चित्र जाते. त्यासाठी कोणालाही बोलावू नये आणि पैसेही देऊ नयेत.

नवी वाहिनी सुरू झाली, पण दिसत नाही

बॉक्स दिवसेंदिवस मुख्य बटणावरून बंद ठेवला जातो, तेव्हा नव्या वाहिन्यांची यादी आणि पॅकची परवानगी त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. ती वाहिनी लावून बॉक्स दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवावा, नंतर कंपनीच्या अ‍ॅपमधून किंवा फोनवरून रिफ्रेश मागवावा. बॉक्स अद्ययावत होत असल्याचा संदेश पडद्यावर असताना वीज तोडू नये. भारनियमनाची वेळ जवळ आली असेल, तर ते काम रात्रीवर ठेवावे.

एचडी मोफत करून देतो, असे सांगणारे अनोळखी फोनही येतात. ओटीपी किंवा यूपीआयचा पिन मागितला की फोन ठेवावा आणि पैसे गेले असतील, तर लगेच सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठीच्या १९३० या क्रमांकावर कळवावे. कंपनीकडील तक्रारीचा क्रमांक प्रत्येक वेळी लिहून घ्यावा, कारण प्रकरण पुढे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर न्यायचे झाले, तर तोच आधी विचारला जातो. दुरुस्तीला आलेल्या माणसाला पैसे देण्यापूर्वी पूर्वी न दिसणाऱ्या वाहिन्यांची आपली यादी त्याच्यासमोर ठेवावी, त्यातील प्रत्येक वाहिनी त्याला लावून दाखविण्यास सांगावे आणि सिग्नलच्या गुणवत्तेचा आकडा तारखेसह त्याच कागदावर टिपून बॉक्सखाली ठेवावा.