छाटणीत कोपर धरलं तर

तासगाव-पलूसकडं द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीत दिवसभर कात्री चालवली की कोपराच्या बाहेरच्या हाडाशी दुखायला लागतं, चहाचा कपही जड वाटतो. नुसतं मलम चोळून भागत नाही, कंडराला, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीला, ताकद द्यावी लागते.

१. हात टेबलावर पालथा ठेवा, मनगट कडेच्या बाहेर. मुठीत अर्ध्या लिटरची भरलेली बाटली.
२. दुसऱ्या हाताने मनगट वर करा, मग दुखऱ्या हाताने ४-५ सेकंद मोजत सावकाश खाली सोडा. वर नेताना दुखऱ्या हाताचा जोर लावू नका. बहुतेकांचं इथंच चुकतं.
३. १५ वेळा, अशा ३ फेऱ्या, रोज. फरक पडायला ६ ते १२ आठवडे.

सकाळी जास्त ठणकलं तर बाटली अर्धी रिकामी करा. क्रेट उचलताना तळवे वर, कोपरं अंगाजवळ. बोटांना मुंग्या येत असतील तर व्यायाम थांबवून डॉक्टर गाठा.