पावसाळ्याआधी जुनं झाड तपासा

आवारातला गुलमोहर किंवा आंबा जुना झाला असेल, तर एप्रिल-मेमध्येच त्याच्याकडे नीट बघून घ्या. पेव्हर ब्लॉक सालीला भिडले असतील तर भोवतीची निदान 1 मीटर माती मोकळी करा. गुलमोहराची मुळं तशीही वरवरच पसरतात. बुंध्याशी भूछत्रं उगवली किंवा खोडातल्या भोकांतून भुसा पडताना दिसला, की आत पोखरण सुरू आहे समजा. पोकळीत सिमेंट मात्र भरू नका, ओल आतच कोंडते. ‘सगळा शेंडाच उडवतो’ म्हणणाऱ्याला फाटकातूनच परत पाठवा. फांद्या छाटायच्या तर आधी पालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी घ्या. महाराष्ट्रातल्या शहरांत 2021च्या कायदादुरुस्तीपासून 50 वर्षांवरचं झाड ‘हेरिटेज’ धरलं जातं.